हे नेमकं काय आहे? जुनी हत्यारं आणि माळ्यावरच्या वस्तू फोटोवरून ओळखण्याबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गावचं घर पाडायला काढलं की माळ्यावरून एखादी गोणी निघतेच, त्यात लोखंड, पितळ, लाकूड सगळं एकत्र, आणि घरातल्या कुणालाच त्यातल्या निम्म्या वस्तूंची नावं सांगता येत नाहीत. मग फोटो फिरायला लागतात. भंगारवाला दारात उभा असताना घाईघाईत काढलेला फोटो आणि नीट काढलेला फोटो यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो, म्हणून लोक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न इथे एकत्र लिहिलेत.

एकच फोटो पाठवला तर चालेल का?

चालेल, पण मग उत्तरही अंदाजपंचेच येणार. निदान पाच-सहा तरी काढा. पूर्ण वस्तू दोन्ही बाजूंनी, दोन्ही टोकं समोरून, कुठे अक्षरं किंवा शिक्का असेल तर तो जवळून, आणि एखादा भाग हलत असेल तर उघडा आणि मिटलेला असे दोन वेगळे. भोक असेल तर आरपार दिसेल असा एक, कारण भोक सरळ आहे की तिरकं, आतून गुळगुळीत आहे की खडबडीत, यावर कित्येकदा सगळं ठरतं.

शेजारी फूटपट्टी ठेवा. नसेल तर हल्लीचं दहा रुपयांचं नाणं ठेवा, त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो. हातात धरून काढलेल्या फोटोत मापाचा पत्ता लागत नाही, आणि पाच सेंटिमीटरचं कडं अन् पंचवीस सेंटिमीटरचं कडं ही दोन वेगळ्या जगातली असतात. मोबाइल अगदी नाकापाशी नेऊन काढू नका, पुढचा भाग फुगतो आणि आकार बदलतो, दोन पावलं मागे जा आणि थोडं झूम करा. खाली फुलाफुलांची चादर नको, गोणपाट किंवा साधा कागद चांगला. आणि जमलं तर किचनच्या काट्यावर वजन करून लिहा.

फोटो काढायच्या आधी घासून लख्ख करू का?

नाही. कृपा करून नाही. चिंच, लिंबू, पावडर, पॉलिश पेपर, ग्राइंडर यातलं काहीही लावू नका. वस्तूवर जे काळं-चिकट बसलेलं असतं ना, तेच साक्षीदार असतं. वंगण आहे की गुळाची राब, चुना आहे की रंग, धुराची काजळी आहे की नुसता गंज, हे सगळं ओळखीला लागतं आणि एकदा घासलं की गेलं. कोरड्या ब्रशने धूळ-माती झटका, बास.

अक्षरं पुसट असतील तर खोलीतले दिवे बंद करून टॉर्च एका बाजूने जवळजवळ आडवा धरा, सावल्या पडल्या की अक्षरं वर येतात. तरी नाही जमलं तर त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासा, लहानपणी नाण्यांचे छाप काढायचो तसं. खडूची पूड बोटाने चोळली तरी चालते, ती नंतर झटकता येते.

फोटोबरोबर काय काय लिहू?

कुठे मिळालं ते आधी लिहा. माळ्यावर, गोठ्यात, विहिरीपाशी, देवघराच्या फळीवर, की जुन्या बाजारात विकत घेतलं? गाव कुठलं, घरात काय काम चालायचं? आजोबा गिरणीत होते, सुतारकाम करायचे, गुऱ्हाळ होतं, रेल्वेत नोकरी होती, यातलं एक वाक्य दहा फोटोंच्या बरोबरीचं असतं. माझ्या मते लोक सगळ्यात जास्त हेच लिहायचं विसरतात, आणि ज्यांना माहीत असतं ती घरातली म्हातारी माणसं शेजारच्या खोलीत बसलेली असतात. फोटो बाहेर पाठवायच्या आधी वस्तू त्यांच्या हातात द्या, नुसती दाखवू नका, हातात द्या. नाव आठवलं नाही तरी हात ती बरोबर धरतो.

काहीच माहीत नसताना वस्तू बघून सुरुवात कुठून करायची?

तीन प्रश्न विचारा. हात कुठे लागत होता? मार किंवा जोर कुठे बसत होता? आणि काय कशावर घासत होतं?

हात लागायचा तिथे लाकूड गुळगुळीत आणि काळपट होतं, लोखंडालाही तिथे तेलकट तकाकी येते. ज्यावर हातोडा पडायचा त्या टोकाची कड बाहेर पसरलेली आणि दबलेली दिसते, म्हणजे ती छिन्नी, टाकी, पाचर, ठसा यांच्या घरातली वस्तू. धार फक्त एका बाजूने काढली असेल तर लाकूड तासायचं किंवा साफ करायचं काम, वाकस आणि पटाशी तशीच असते, आणि धार दोन्ही बाजूंनी सारखी असेल तर तोडायचं-फोडायचं. कड्याच्या आतल्या अंगाला एकाच जागी खोल चर पडलेला असेल तर तिथून दोर किंवा साखळी कित्येक वर्षं एकाच दिशेने ओढली गेलीय. आणि कुठेच झीज नाही, सगळीकडे सारखाच काळपटपणा आहे, तर ती वस्तू बहुतेक शोभेसाठी नव्याने बनवून जुनी केलेली. बाजारात असल्या पितळी वस्तू भरपूर आहेत, सांभाळून.

लाकडाचं जाड वाडगं आहे, तळाला तीन भोकं आहेत. ही कसली चाळण?

हा मला सगळ्यात आवडणारा प्रश्न. ते चाडं आहे, पेरणीच्या तिफणीचं. एका लाकडात कोरून काढलेलं असतं, आणि तळाच्या भोकांमध्ये बांबूचे पोकळ नळे बसतात, ते खाली एकेका फणाच्या मागे जातात. बैल तिफण ओढतात, फण जमिनीत रेघ पाडतात, आणि मागून चालणारं माणूस, पुष्कळ ठिकाणी घरातली बाई, मुठीतून चाड्यात बियाणं सोडत जाते. मूठ अशी चालवायची की बी तिन्ही नळ्यांत सारखं पडलं पाहिजे. एका नळ्यात कमी गेलं तर शेतात ती ओळ विरळ उगवते आणि पीक निघेपर्यंत सगळ्या गावाला दिसते, म्हणून चाड्यावर मूठ धरणं हे भरवशाच्या माणसाचंच काम मानलं जायचं.

ओळखायची खूण म्हणजे भोकं सरळ खाली जात नाहीत, बाहेरच्या बाजूला तिरकी जातात, कारण नळे खाली फाकत जातात. भोकांचं आतलं तोंड बियाण्याने घासून गुळगुळीत झालेलं असतं, आणि खालच्या बाजूने नळा बसायची खाच असते. भोकं चार असतील तर चार फणांचं. एकच भोक असलेलं लहान वाडगं मिळालं तर ते मागून दोरीने ओढत न्यायच्या सुट्या नळ्याचं असू शकतं. शहरात हल्ली याला पॉलिश मारून फळं ठेवायचं भांडं म्हणून विकतात, विकणाऱ्यालाही माहीत नसतं. तुमच्याकडे असेल तर पॉलिश मारू नका एवढीच विनंती.

लोखंडी कडीला चारी बाजूंनी आकडे लटकलेत. मासे पकडायचं आहे का?

समुद्रकिनाऱ्याचं गाव नसेल तर तो विहिरीचा गळ. घागर किंवा बादली विहिरीत पडली की दोराला बांधून हा खाली सोडायचा आणि तळाशी फिरवत राहायचं, कुठला तरी आकडा कडीत किंवा काठात अडकतोच. आकडे पुष्कळ असतात पण टोकं बोथट असतात, मासे धरायच्या गळासारखी अणकुचीदार नसतात, हीच खूण. सगळ्या आळीत मिळून एखादाच असायचा आणि तो मागायला यायचे, म्हणून प्रत्येक घरात सापडत नाही.

अर्धचंद्रासारख्या चपट्या लोखंडी पट्ट्या, भोकं असलेल्या, ढीगभर आहेत.

बैलाच्या पत्र्या. घोड्याची नाल एक सलग असते, बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन वेगळ्या, चारी पायांना मिळून आठ. झिजलेल्या पत्र्या उपयोगी लोखंड म्हणून जपून ठेवायचे, त्यामुळे ढीग सापडतो.

जाड, लहान लोखंडी कडं, एका बाजूने पार चेपलेलं?

मुसळाच्या टोकाचं. लाकूड कुजून किंवा किड्याने खाऊन गेलं आणि कडं तेवढं राहिलं. आतून किंचित निमुळतं असतं म्हणजे मारलं की घट्ट बसतं, आणि धान्यावर आपटून आपटून एक कड गोल झालेली असते.

भोवऱ्यासारखं पितळी आहे, वर दोरा ओवायला भोक. भोवरा नक्की नाही.

गवंड्याचा ओळंबा. अजून त्या गोणीत शोधा, मध्ये भोक असलेला एक लाकडी तुकडा निघाला पाहिजे, कारण त्याची रुंदी ओळंब्याच्या व्यासाएवढीच ठेवलेली असते. तो तुकडा भिंतीला टेकवायचा, ओळंबा खाली सोडायचा, आणि ओळंबा भिंतीला जेमतेम लागून राहिला तर भिंत उभी सरळ. दाबून टेकला किंवा लांब राहिला तर भिंत कललीय. लोक पितळ ठेवतात आणि लाकडाचा तुकडा चुलीत घालतात, आणि मग निम्मं हत्यारच हरवतं.

लाकडी होडीसारखं आहे, दोन्ही टोकांना लोखंडी अणी. खेळणं आहे का?

मागाचा धोटा. मुंबईत गिरणगावात, सोलापूर, इचलकरंजी, मालेगाव इकडे हे घराघरात सापडतात. मधल्या पोकळीत सुताची कांडी बसते, बाजूच्या बारीक भोकातून धागा बाहेर येतो, आणि माग चालू असताना धोटा उभ्या ताण्यातून या टोकाकडून त्या टोकाकडे फटाफट फेकला जातो. टोकांना लोखंड असतं ते या आपटण्यासाठी. लाकूड फार कडक आणि घट्ट रेषांचं असतं, कारण एक जरी कुसळ निघालं तरी ताण्याचे धागे तुटतात. तळ आरशासारखा गुळगुळीत असेल तर धोटा भरपूर चाललेला आहे.

हातमागाचा आणि यंत्रमागाचा वेगळा ओळखता येतो. हातमागाचा हलका असतो, कधी खाली बारीक चाकं असतात, गिरणीतला जड. धागा बाहेर यायच्या भोकात चिनी मातीची किंवा धातूची बारीक कडी बसवलेली असते तीही बघा. इंग्लंडात आणि बऱ्याच ठिकाणी कामगार नवी कांडी भरल्यावर त्या भोकाला तोंड लावून धागा ओढून घ्यायचे, सुताची धूळ आणि तेल छातीत जायचं, एकाच धोट्याला अनेकांची तोंडं लागायची, त्यावरून तिथे पुढे मोठी ओरड झाली. १९८२ च्या संपानंतर किती गिरण्यांचं सामान भंगारात गेलं त्याला हिशोब नाही, त्यामुळे आजोबांनी घरी आणून ठेवलेला एखादा धोटा असेल तर त्यावर ते गिरणीत कुठल्या खात्यात होते ते आणि गिरणीचं नाव लिहून चिठ्ठी बांधा.

वस्तूवर इंग्रजी अक्षरं आहेत. त्यावरून साल कळतं का?

पुष्कळदा कळतं, आणि इथे खरी मजा आहे.

जी.आय.पी.आर. असेल तर ती ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, जिची पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गेली. नोव्हेंबर १९५१ मध्ये मध्य रेल्वे झाली, म्हणजे ती अक्षरं असलेली वस्तू त्याच्या आधीची. बी.बी. अँड सी.आय. असेल तर आताची पश्चिम रेल्वे, तीही १९५१ चीच. एम. अँड एस.एम. असेल तर मद्रास अँड सदर्न मराठा, ही मिरज-बेळगाव भागात सापडते.

तीन रेघांचा, कोंबडीच्या पावलासारखा बाण ठोकलेला असेल तर ब्रिटिश सरकारी, बहुतेक लष्करी माल, आणि बाणाखाली इंग्रजी आय असेल तर हिंदुस्थान सरकारचा. खडकी, देवळाली, नगर अशा छावणीच्या गावांत कुदळी, पाने, पाण्याचे डबे यांवर हा शिक्का हमखास दिसतो.

आर.डी. नंबर म्हणजे ब्रिटनमध्ये नोंदवलेलं डिझाइन. ही मोजणी १८८४ मध्ये एकपासून सुरू झाली आणि १९०० पर्यंत साधारण साडेतीन लाखांवर गेली, त्यामुळे नंबरवरून डिझाइन कधी नोंदवलं ते काढता येतं, वस्तू अर्थातच नंतरही बनत राहिलेली असू शकते. अमेरिकन पेटंट नंबरही तसाच, दहा लाखावा १९११ चा आणि वीस लाखावा १९३५ चा. डी.आर.पी. किंवा डी.आर.जी.एम. असेल तर जर्मन, दुसऱ्या महायुद्धापर्यंतचं. वेस्ट जर्मनी लिहिलं असेल तर १९४९ ते १९९०.

कास्ट स्टील या शिक्क्याला फार लोक फसतात. त्याचा अर्थ बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची वस्तू असा नाही, ते मुशीत वितळवून केलेलं उत्तम पोलाद, शेफिल्डच्या पटाशांवर आणि करवतींवर हे असतं. भंगारात बीड म्हणून देऊ नका.

आय.एस.आय. चा शिक्का असेल तर स्वतंत्र भारतातली वस्तू, कारण ती संस्थाच १९४७ ची आणि शिक्का द्यायला सुरुवात १९५५ च्या सुमाराची.

आणि ओतीव लोखंडावर उठावाचे आकडे असतील तर ते साल समजू नका. किर्लोस्करवाडीचे किंवा साताऱ्याच्या कूपरचे नांगर, कडबा कापायची यंत्रं, पंप यांच्या प्रत्येक भागावर सुट्या भागाचे नंबर असायचे, म्हणजे फाळ मोडला की नंबर सांगून दुसरा मागवता येई. १८९० असा आकडा दिसला म्हणून वस्तू १८९० ची होत नाही. किर्लोस्करवाडी वसलीच १९१० मध्ये.

अक्षरंच नसतील तर वय कसं ठरवायचं?

जोड बघा आणि स्क्रू बघा. चौफुलीच्या खाचेचा स्क्रू १९३०च्या दशकाच्या मध्यानंतरचा, त्याआधी सरळ एकच खाच. पण एखादाच स्क्रू तसा असेल तर ती नंतरची दुरुस्ती, सगळे तसे असतील तरच वय धरा. रिबिटा ठोकून जोडलंय की वेल्डिंग आहे तेही बघा, वेल्डिंग खेड्यापाड्यात बरंच उशिरा पोचलं. मुठीचा काळा-तपकिरी प्लास्टिकसारखा भाग बेकेलाइट असेल तर विसाव्या शतकातलं, स्टेनलेस स्टील असेल तर १९१३ नंतरचंच.

नट-बोल्टला आपला मिलिमीटरचा पाना बसत नसेल तर वैतागू नका, ते इंची माप असेल. जुन्या ब्रिटिश पान्यावर १/२ डब्ल्यू लिहिलेलं असतं आणि तोंड मोजलं तर २३ मिलिमीटरच्या वर भरतं, लोकांना वाटतं पाना चुकीचा. तो आकडा बोल्टच्या दांड्याच्या जाडीचा आहे, तोंडाचा नाही. व्हिटवर्थ नावाची बोल्ट-आट्यांच्या मापाची ब्रिटिश पद्धत आहे ती, १८४१ पासूनची.

गावातल्या लोहाराने बनवलेल्या वस्तूचं वय मात्र फोटोवरून सांगणं जवळपास अशक्य. तोच विळा तशाच घडणीचा शंभर वर्षांपूर्वीही होता आणि आत्ताही होतो. कुणी छातीठोकपणे शिवकालीन म्हणून सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

वजनं आणि मापं सापडलीत, खरी आहेत का?

बहुतेक खरीच. बंगाली शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे साधारण ९३३ ग्रॅम, आणि चाळीस शेरांचा मण ३७ किलोच्या वर. वजनाच्या तळाला शिसं भरलेलं भोक आणि त्यावर बारीक शिक्के असतात, ते तपासणीचे, त्यात साल सापडू शकतं. १९५६ च्या कायद्यानंतर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो आला, म्हणून शेराची वजनं त्याच्या आधीची धरा. सोनाराची बारीक वजनं असतील तर बारा मासे म्हणजे तोळा आणि आठ गुंजा म्हणजे मासा. धान्य मोजायची चिपटं, मापटं, शेर, पायली ही वेगळी, ती वजनाची नव्हेत, आकारमानाची, आणि भागाभागात त्यांचं माप बदलतं, त्यामुळे तांदूळ भरून किलोत मोजलं आणि जुळलं नाही तर माप खोटं असं समजू नका.

गूगल लेन्स लावलं तर?

लावा ना, कारखान्यात बनलेल्या वस्तूंना चांगलं चालतं. स्वीडनचा प्रायमस स्टोव्ह, पेट्रोमॅक्स, डीट्झचा कंदील, सिंगरचं मशीन हे लगेच निघतं. सिंगरचा तर बॉडीवरचा नंबर टाकला की वर्षही मिळतं, पुढचं अक्षर वाय, एफ किंवा जे असेल तर स्कॉटलंडच्या क्लाइडबँकच्या कारखान्यातलं. पण चाडं, मुसळाचं कडं, मोटेचं सामान यांचे नीट नाव लिहिलेले फोटो इंटरनेटवरच कमी आहेत, म्हणून लेन्स तिथे ‘अँटिक वूडन बाउल’ म्हणून मोकळं होतं. इथे माणसंच लागतात.

कुठली माणसं? कुठे विचारू?

लोहार आणि सुतार आधी, त्यातही साठीच्या पुढचे. मग आठवडी बाजारात अजून विळे-खुरपी विकायला बसतात ते. पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार आणि मुंबईत चोर बाजार, तिथले जुने विक्रेते बऱ्याच गोष्टी नुसत्या वजनावरून सांगतात, पण त्यांना घ्यायचीही असते हे ध्यानात ठेवा. पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय एकदा तरी सावकाश बघा, दिवे, अडकित्ते, कुलुपं, दौती, स्वयंपाकाची भांडी असं रोजच्या वापरातलं सामान एका माणसाने आयुष्यभर फिरून जमवलंय, आणि आपल्या माळ्यावरची वस्तू तिथे काचेत दिसली की फार बरं वाटतं.

हात लावायला धोका असलेलं काही असतं का?

असतं. काडतूस, तोफगोळ्यासारखं काही, बंदुकीचा भाग असं काहीही वाटलं तर फोटोसाठी उचलूसुद्धा नका, लांब व्हा आणि पोलिसांना कळवा. जुना प्रायमस किंवा पेट्रोमॅक्स चालतो का बघू म्हणून हवा मारून पेटवू नका, टाकीचा जोड कुजलेला असू शकतो. अंधारात चमकणाऱ्या काट्यांची जुनी घड्याळं आणि होकायंत्रं उघडू नका, त्या रंगात रेडियम असू शकतं. जुन्या उपकरणात पाऱ्याची नळी असेल तर फुटू देऊ नका. पोरांच्या हातात तर यातलं काहीच नको.

अमेरिकेत मुलाकडे न्यायचंय. नेता येईल का?

वस्तू शंभर वर्षांच्या वरची असेल तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात बसू शकते आणि तुम्हाला ती देशाबाहेर नेता येत नाही. हस्तलिखितांना ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. वस्तू तेवढी जुनी नाही याची खात्री असली तरी विमानतळावर वाद नको म्हणून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला आधी घ्या. रेल्वेच्या सामानाचं आणखी वेगळं, रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगण्याविरुद्ध १९६६ चा कायदा आहे, म्हणून जुन्या बाजारात घेतलं असेल तर पावती जपा.

किंमत किती येईल?

फोटोवरून कुणीही सांगू नये आणि तुम्ही विचारूही नका. पितळेला निदान वजनाचा भाव आहे, लाकडी चाड्याला तोही नाही.

ओळख पटली. आता पुढे काय?

जाड कागदाची चिठ्ठी करा आणि सुती दोऱ्याने बांधा, सेलोटेप चिकटवू नका, तिचा गोंद लाकडावर डाग पाडतो. त्यावर वस्तूचं नाव तुमच्या गावात म्हणतात ते, कुणी वापरली, कुठल्या कामाला, गाव-तालुका, आणि हे कुणी सांगितलं ते लिहा. लोखंडाला कोरड्या फडक्याने मशीनच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवा, लाकडाला तेल-वॉर्निश काही नको, फक्त ओल आणि वाळवीपासून लांब, जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा. वापरणारं माणूस अजून असेल तर मोबाइलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा, वस्तू हातात घेऊन कशी चालवायचे ते करून दाखवायला सांगा, आणि त्या फाइलला वस्तूचं आणि गावाचं नाव द्या, म्हणजे पुढे कुणी शोधलं तर सापडेल.